व्हर्नाक्युलर : हे घर कोणाचे?

काही शब्द शिवीसारखे दिसत नाहीत. ते अर्जात असतात, अहवालात असतात, जाहिरातीत असतात. त्यांचे कपडे इस्त्रीचे असतात, म्हणून आपण त्यांना बसायला खुर्ची देतो. 'व्हर्नाक्युलर' हा असाच एक शब्द. व्हर्नाक्युलर मीडियम, व्हर्नाक्युलर प्रेस, व्हर्नाक्युलर बॅकग्राउंड. मुलाखत घेणारा साहेब अर्ज चाळता चाळता विचारतो, "अच्छा, व्हर्नाक्युलरमधून शिकलात?" आणि समोरचा उमेदवार मान खाली घालून "हो सर" म्हणतो. त्याच्या प्रमाणपत्रावर हा शब्द नसतो, तिथे 'मराठी' किंवा 'उर्दू' असे स्पष्ट लिहिलेले असते. तरीही त्याला आपली जागा कळते.

शब्दकोश उघडला तर अर्थ मिळतो : देशी भाषा, मातृभाषा, बोलभाषा. किती गोड अर्थ! मग मान खाली का जाते? शब्दकोश खरे बोलतो, पण पुरते बोलत नाही म्हणून. माझे म्हणणे असे आहे की 'व्हर्नाक्युलर' हे कुठल्याही भाषेचे नाव नाही, ते एका पायरीचे नाव आहे. भाषा बोलणारा माणूस कोणाच्या घरात, कोणाच्या आश्रयाने राहतो, एवढेच तो शब्द सांगतो. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांच्या माणसांनी हा शब्द नाकारला पाहिजे. आणि नाकारण्यापूर्वी एकमेकांवर वापरणे बंद केले पाहिजे.

प्रथम त्याचे कुळ पाहू. लॅटिन भाषेत 'वर्ना' असा शब्द आहे. वर्ना म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम. रोमन माणूस गुलाम दोन मार्गांनी मिळवी. एक, युद्धात पकडलेला किंवा बाजारात विकत घेतलेला. दुसरा, घरातल्या गुलाम बाईच्या पोटी जन्मलेला. हा दुसरा म्हणजे वर्ना. त्याच्यासाठी पैसे मोजावे लागत नसत. त्याच्यावरून 'वर्नाक्युलस' हे विशेषण झाले : घरचे, घरगुती, गावठी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वारो नावाच्या रोमन पंडिताने लॅटिनमधल्या अस्सल देशी शब्दांसाठी हे विशेषण वापरले. म्हणजे 'गुलाम' मागे पडत गेला आणि 'घरचा' पुढे आला. सोळाशेच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत उतरला तेव्हा त्याच्या अंगावर गुलामीच्या साखळीचा वळ फारसा दिसत नव्हता.

उर्दू शिकवणाऱ्याला इथे लगेच एक फारसी शब्द आठवतो : खानाजाद. खाना म्हणजे घर, जाद म्हणजे जन्मलेला. घरात जन्मलेला चाकर किंवा गुलाम. वर्नाचा हा तंतोतंत जुळा भाऊ. गंमत अशी की मोगल दरबारात बडे बडे सरदार स्वतःला अभिमानाने खानाजाद म्हणवून घेत. आमच्या पिढ्या या घराण्याच्या चाकरीत गेल्या, हे त्यांना भूषण वाटे. संस्कृतात पाहावे तर मनुस्मृतीने दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक 'गृहज'. पुन्हा तेच, घरात जन्मलेला दास. लॅटिन, फारसी, संस्कृत. तिन्ही सत्ताधाऱ्यांच्या भाषा, तिन्हींत हा शब्द तयार. ज्याच्याकडे घर आणि गुलाम दोन्ही असतात, त्याला हा शब्द लागतोच.

यावर कोणी म्हणेल, बाई, व्युत्पत्तीवरून शब्दाला फाशी देता येत नाही. मान्य आहे. 'रोबोट' हा शब्द चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दापासून आला. १९२० मध्ये कारेल चापेकच्या नाटकातून तो जगभर गेला. आज रोबोट म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. तेव्हा शब्दाचा जन्म कुठे झाला एवढ्यावरून भांडण करणे पोरकटपणाचे ठरेल. भांडण त्याच्या वापराचे आहे. आणि वापराची परीक्षा अगदी सोपी आहे. पॅरिसमध्ये निघणाऱ्या फ्रेंच दैनिकाला आपण व्हर्नाक्युलर पेपर म्हणतो का? टोकियोच्या मुलाला जपानीतून भौतिकशास्त्र शिकवतात, त्याला आपण व्हर्नाक्युलर मीडियमचा विद्यार्थी म्हणतो का? आणि लंडनच्या शाळेत इंग्रज पोर आपल्या आईच्याच भाषेत शिकते, त्याला? नाही म्हणत. शब्दकोशातला अर्थ खरा असता तर या सगळ्यांना तो लागू व्हायला हवा होता. तो लागू होतो फक्त ज्यांच्यावर दुसऱ्याने राज्य केले त्यांना.

गंमत म्हणजे इंग्रजी स्वतः एके काळी याच पायरीवर उभी होती. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षे दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच होती, चर्चची आणि विद्येची लॅटिन. इंग्रजी उरली शेतात, गोठ्यात आणि स्वयंपाकघरात. १३६२ मध्ये कायदा करावा लागला की न्यायालयातले वाद यापुढे इंग्रजीत चालावेत, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! आपल्याकडे मराठीचा वापर वाढवण्याचे पत्रक इंग्रजीत निघते तेव्हा आपण हसतो. इंग्रजांच्या पूर्वजांनी हा विनोद साडेसहाशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे.

विल्यम टिंडल याने बायबल इंग्रजीत आणले. नांगर धरणाऱ्या पोरालाही धर्मग्रंथ वाचता यावा, ही त्याची इच्छा. १५३६ मध्ये त्याला पाखंडी ठरवून मारले. न्यूटनने १६८७ मध्ये आपला मोठा ग्रंथ लॅटिनमध्ये छापला, कारण विद्वानांची भाषा ती. प्रकाशावरचा त्याचा ग्रंथ १७०४ मध्ये आला तो मात्र इंग्रजीत. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी ही 'विज्ञान न पेलणारी' भाषा होती. मग ती पेलू लागली. ती आपोआप समृद्ध झाली नाही. तिच्यात कायदा आला, धर्म आला, विज्ञान आले, व्यापार आला आणि साम्राज्याची तोफ आली. तोफ हाती येताच तिने स्वतःच्या गळ्यातली पाटी काढली आणि जहाजात ठेवली. ती पाटी मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बंदरात उतरली.

इथे उतरल्यावर काय झाले, हे अध्यापक विद्यालयात शिकवतात, पण निम्मेच शिकवतात. २ फेब्रुवारी १८३५ चे मेकॉलेचे टिपण सर्वांना ठाऊक असते. इथल्या बोली दरिद्री आहेत, त्यांत ना साहित्य ना विज्ञान, असा त्याचा निवाडा. त्याने संस्कृत आणि अरबीलाही झोडपले. पण संस्कृत-अरबीच्या बाजूने बोलायला निदान कंपनी सरकारातलेच काही साहेब होते. मराठी, बंगाली, हिंदुस्थानी यांच्या बाजूने त्या भांडणात कोणी नव्हते. दोन वर्षांनी, १८३७ च्या कायद्याने न्यायालयातून फारसी काढून तिच्या जागी 'व्हर्नाक्युलर' आणण्याची वाट मोकळी झाली. बंगालमध्ये बंगाली आली, उत्तरेत बहुतेक ठिकाणी उर्दू आली. जे लोक आज उर्दूला बाहेरून आलेली म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. इंग्रज सरकारच्या दप्तरात उर्दू 'परदेशी' नव्हती, परदेशी होती ती फारसी. उर्दू आणि मराठी एकाच रकान्यात होत्या.

जे शिकवत नाहीत ते आपल्या मुंबईत घडले. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात जोराचा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे, लोकांच्या भाषेतून द्यावे. मंडळातल्या तिन्ही हिंदी सभासदांनी जर्व्हिसची बाजू घेतली. कोण होते ते तिघे? नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मोहम्मद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान, हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण लिहिणारा. तिघांच्या घरच्या भाषा वेगळ्या आणि मागणी एक. आपल्या भाषांच्या इतिहासात याहून सुंदर चित्र मला दुसरे आठवत नाही. नानांचा पुतळा झाला, नाव झाले. ते व्हायलाच हवे होते. मकबा मात्र ना मराठी पाठ्यपुस्तकात आले, ना उर्दू पाठ्यपुस्तकात. मराठीवाल्यांनी त्यांना मुसलमान म्हणून सोडले आणि उर्दूवाल्यांनी मुंबईकर म्हणून.

पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला आणि वाटणी पक्की झाली. वरच्या विद्येला इंग्रजी, सामान्य जनतेला देशी भाषा. कागदावर ही वाटणी समजूतदारपणाची वाटते. व्यवहारात तिने दोन जिने बांधले. एका जिन्याने चढणारा वकील, डॉक्टर, मुन्सफ झाला. दुसऱ्या जिन्याने चढणारा सातवीला 'व्हर्नाक्युलर फायनल' पास होऊन प्राथमिक शाळेचा मास्तर झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत 'फायनल पास' ही गावातली केवढी मोठी पदवी होती! त्या मास्तरांनी हा महाराष्ट्र साक्षर केला. पण परीक्षेच्या नावातच लिहिले होते की हे 'फायनल' आहे. याच्या पुढे जिना नाही.

आणि १८७८ मध्ये तर या शब्दाने आपला खरा चेहरा दाखवला. लॉर्ड लिटनच्या सरकारने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. त्याच्या शीर्षकात 'प्राच्य भाषांतील प्रकाशने' असे होते, पण लोकांच्या तोंडी त्याचे नाव व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट असेच राहिले. देशी भाषेच्या पत्राने सरकारविरुद्ध लिहिले तर छापखाना जप्त, आणि न्यायालयात दाद मागायची सोय नाही. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता. तीच टीका, तेच शब्द, पण इंग्रजीत छापले तर मत आणि मराठी-उर्दू-बंगालीत छापले तर राजद्रोह! कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने त्यावर तोड काढली, ती तडकाफडकी इंग्रजीत निघू लागली. पुढे रिपनच्या कारकिर्दीत कायदा रद्द झाला. वृत्ती रद्द झाली का? आज मोठ्या शहरांतल्या जाहिरातवाल्यांच्या बोलण्यात 'लँग्वेज पेपर' असा शब्दप्रयोग ऐकू येतो. मराठी, हिंदी, उर्दू म्हणजे 'लँग्वेज'. आणि इंग्रजी? ती बहुधा भाषा नसून हवापाणी असावी.

आता माझ्या कामाच्या जागेकडे येते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दहावीला चांगले गुण मिळवून विज्ञान शाखेला गेलेली आमची एक मुलगी पहिल्या सत्रातच परत भेटायला आली. म्हणाली, "आपा, वो लोगां हमकू व्हर्नॅक बोलते. व्हर्नॅक मतलब क्या?" महाविद्यालयांत हा शब्द आता असा आखूड होऊन फिरतो. व्हर्नॅक म्हणजे चुकीचा इंग्रजी उच्चार करणारा, तेल लावून केस विंचरणारा, कँटीनमध्ये काय मागावे ते न कळणारा. तिच्याच बाकावर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली एक मुलगी बसत होती. तिलाही हेच नाव मिळाले होते. दोघींची त्यावरून मैत्री झाली होती. मला हसावे की रडावे कळेना. शाळेच्या दहा वर्षांत ज्या दोघींना आम्ही शिक्षक, पालक, पुढारी एकत्र बसवू शकलो नाही, त्यांना एका इंग्रजी शिवीने एका बाकावर आणले.

ही मुलगी पुढे शाखा बदलून गेली. तिला रसायनशास्त्र कळत नव्हते का? दहावीपर्यंत ती 'तेज़ाब', 'अमल', 'इकाई', 'कसाफ़त' या शब्दांत विज्ञान शिकली. तिच्या मैत्रिणीने 'आम्ल', 'अभिक्रिया', 'एकक', 'घनता' यांत ते शिकले. आपल्या राज्यात अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल टाकले की सारे काही इंग्रजीतून चालते. दोन भाषांच्या मधला पूल कोणी बांधत नाही. जून महिन्यात मूल एका काठावर असते, जुलैत त्याने दुसऱ्या काठावर असावे अशी अपेक्षा. जे पोहून जातात त्यांचे फोटो स्नेहसंमेलनाच्या फलकावर लागतात. जे बुडतात त्यांच्याबद्दल म्हणतात, 'व्हर्नाक्युलरचे होते, झेपले नाही.' सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ पासून वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा उर्दूतही देता येते, मराठीतही देता येते. चांगले झाले. पण दोन वर्षे वर्गात इंग्रजीतून शिकायचे आणि शेवटी प्रश्नपत्रिका उर्दूत घ्यायची, याचा उपयोग किती? दरवाजा केला आणि जिना विसरले.

उर्दूला किंवा मराठीला विज्ञान पेलत नाही हे म्हणणे तर इतिहासाचे अज्ञान आहे. १८४० च्या दशकात दिल्ली कॉलेजात गणित, भौतिक, ज्योतिषशास्त्र उर्दूतून शिकवले जात होते आणि त्यासाठी ग्रंथांची भाषांतरे करणारी मंडळी होती. तिथले गणिताचे शिक्षक मास्टर रामचंद्र यांचा ग्रंथ डी मॉर्गनसारख्या गणितज्ञाने १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापवून घेतला. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तिथे पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. भाषा कमी पडली नाही. १८५७ ने एक प्रयोग संपवला आणि १९४८ नंतरच्या राजकारणाने दुसरा.

काही भाषाशास्त्रज्ञ सांगतील की हा पारिभाषिक शब्द आहे, त्यात भावना आणू नका. वास्तुशास्त्रवाले सांगतील, आमच्याकडे तर 'व्हर्नाक्युलर आर्किटेक्चर' हा गौरवाचा शब्द आहे. मातीची भिंत, कौलारू छप्पर, स्थानिक गवंडी. इव्हान इलिचसारखा विचारवंत तर याच्याही पुढे गेला. बाजारात न विकले जाणारे, घरात पिकलेले आणि घरात शिजलेले ते सारे व्हर्नाक्युलर, असे म्हणून त्याने या शब्दाला नवी प्रतिष्ठा द्यायचा प्रयत्न १९८० च्या सुमारास केला. इलिचच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण कौलारू घराला 'व्हर्नाक्युलर' म्हटल्याने ते घर मुलाखतीला बसत नाही. माझी विद्यार्थिनी बसते.

आणि पारिभाषिकच अर्थ हवा असेल तर तोही पाहू. १९५३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातील मातृभाषेवर एक अहवाल काढला. त्यात व्हर्नाक्युलरची व्याख्या केली आहे. ज्या समूहावर दुसरी भाषा बोलणाऱ्या समूहाचे सामाजिक किंवा राजकीय वर्चस्व आहे, त्या समूहाची मातृभाषा म्हणजे व्हर्नाक्युलर. बघा, मी जे म्हणते ते तज्ज्ञांनी लिहूनच ठेवले आहे! हा शब्द भाषेचे वर्णन करीत नाही, वर्चस्वाचे करतो. मग मराठीला हा शब्द कोणत्या आधारे लावता? १९६४ च्या कायद्याने ती या राज्याची राजभाषा झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एकीकडे अभिजात आणि दुसरीकडे व्हर्नाक्युलर. सभागृहात पेढे आणि कँटीनमध्ये शिवी, हा काय प्रकार आहे?

त्याच अहवालात पुढे असेही आहे की अल्पसंख्याकांची भाषा दुसऱ्या एखाद्या देशात राजभाषा असेल तर तिला व्हर्नाक्युलर मानू नये. म्हणजे उर्दू या पायरीवरून सुटली, पण कोणाच्या जामिनावर? शेजारच्या देशाच्या! अशी सुटका आम्हाला नको. उर्दू दिल्लीत वाढली, दख्खनमध्ये फुलली, औरंगाबादच्या वलीचे काव्य दिल्लीला गेले तेव्हा दिल्लीच्या शायरांनी कान टवकारले. तिची ओळख परदेशातून मागवण्याची गरज नाही. आपल्या घटनेच्या आठव्या परिशिष्टात उर्दू आणि मराठी दोन्ही आपापल्या नावाने आहेत. प्राथमिक शिक्षणाबद्दलच्या कलम ३५० अ मध्येही शब्द आहे तो 'मातृभाषा'. घटनेने नाव दिले असताना आपण लिटनसाहेबाचे नाव का वापरावे?

इथपर्यंत वाचून आमचे उर्दूवाले खूश झाले असतील आणि मराठीवालेही. आता दोघांनी थोडे कडू ऐकावे.

साहेब गेला तरी पायऱ्या राहतात, आणि प्रत्येकजण आपल्याहून खालची पायरी शोधतो. इंग्रजीवाला उर्दूला व्हर्नाक्युलर म्हणतो. उर्दूवाला दखनीला काय म्हणतो? गंवारू. 'मेरेकू', 'हमना', 'नक्को' म्हणणाऱ्या पोराला आमचे मास्तर पहिल्याच दिवशी गप्प करतात. हा 'नक्को' मराठीच्या 'नको'तून आला, 'मैंच' मधला 'च' मराठीचाच. सोलापूर, बीड, अहमदनगरच्या मुसलमानांच्या घरात जी भाषा बोलली जाते ती मराठीच्या मांडीवर वाढलेली आहे. तिला लखनौची इस्त्री फिरवून आम्ही वर्गात घेतो. कोकणी मुसलमानांची बोली तर त्याहून जवळची. ती ना आम्ही मराठी म्हणून मोजतो ना उर्दू म्हणून. कुरआनची उर्दू भाषांतरे झाली तेव्हा 'या बाजारू भाषेत?' असे विचारणारे होतेच. ज्ञानेश्वर, एकनाथांना प्राकृतात लिहिल्याबद्दल जे ऐकावे लागले त्याचीच ही दुसरी आवृत्ती. आणि उस्मानियाचा अभिमान सांगताना हेही सांगावे लागेल की निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला वरच्या शिक्षणासाठी उर्दूच्या दारातून जावे लागे. मराठवाड्यातल्या मराठी माणसाला तेव्हा उर्दू ही साहेबाचीच भाषा वाटली असेल तर त्याला दोष देता येत नाही.

मराठीवाल्यांनीही आरशात पाहावे. हजेरी, दप्तर, कागद, शाई, दौत, तक्ता, नकाशा, रजा, बक्षीस हे शब्द काढले तर मराठी शाळेची घंटा वाजल्यावर पुढे काय करायचे हे गुरुजींना कळणार नाही. हे सारे फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि मराठी झाले. तरी पाटीवर उर्दू दिसली की कपाळाला आठी पडते. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू होती, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दूविरुद्धची मागणी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच भूमीत जन्मली, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल चांगलाच आहे. पण शेजारणीच्या दारावर तिचे नाव लिहू द्यायचे की नाही हे सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले, याची लाज आपल्याला वाटायला हवी. इंग्रजी पाटीविरुद्ध कोणी पातूरहून दिल्लीला गेले असते का?

मुस्लिम मराठी लेखकांची अडचण या दोहोंच्या मध्ये आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. मराठी वर्तुळ विचारते, 'तुमची भाषा तर उर्दू ना?' उर्दू वर्तुळ विचारते, 'मराठीत का लिहिता?' श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिताना कोणाची परवानगी काढली होती? दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोक्यात एकच समजूत आहे : भाषा म्हणजे एखाद्याचे घर आणि बाकीचे तिथले आश्रित. हीच ती वर्नाची समजूत.

मग करायचे काय? निव्वळ संताप मला परवडत नाही. सोमवारी वर्ग असतो.

पहिली गोष्ट, शब्द सोडा. अर्जात, अहवालात, भाषणात भाषेचे नाव घ्या : मराठी माध्यम, उर्दू माध्यम, कन्नड माध्यम. शब्द बदलून काय होते, असे म्हणणाऱ्यांना सांगते, फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खटले चालवणाऱ्या न्यायालयांना 'कनिष्ठ न्यायालय' म्हणू नका. शब्दाने काही होत नसते तर न्यायमूर्तींनी त्यात वेळ घातला नसता.

दुसरी गोष्ट, इंग्रजी नीट शिकवा. या लेखाचा अर्थ कोणी 'इंग्रजी हटाव' असा काढू नये. पुढाऱ्यांनी आपली पोरे इंग्रजी शाळेत घालून आमच्या पोरांना मातृभाषेचे भजन म्हणायला लावावे, हे ढोंग आम्हाला ठाऊक आहे. आमच्या मुलांना इंग्रजी हवी आणि चांगली हवी. पण विषय म्हणून, हत्यार म्हणून. देव म्हणून नको.

तिसरी गोष्ट, तो पूल बांधा. आठवीपासून विज्ञान-गणिताच्या पुस्तकात प्रत्येक धड्याअखेर पारिभाषिक शब्दांची तीन रकान्यांची यादी द्या : उर्दू, मराठी, इंग्रजी. बालभारती मराठी आणि उर्दू दोन्ही पुस्तके एकाच छपराखाली काढते. तज्ज्ञांना शेजारच्या खोलीत जायचे आहे, विलायतेला नव्हे. अकरावीच्या सुरुवातीला दोन महिन्यांचा सेतू वर्ग ठेवा. यात आमच्या मुलीच्या बाकावरची मराठी शाळेची मुलगीही आली.

चौथी गोष्ट आमच्या शाळांसाठी. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याआधीही होतीच, पण पास होण्यापुरती. मराठी ही आमच्या बाजाराची, बसची, तहसील कचेरीची आणि शेजाऱ्याची भाषा आहे. ती आमचीही आहे. ती उपकार म्हणून शिकू नये आणि शिक्षा म्हणून शिकवू नये. आणि वर्गात दखनी बोललेल्या पोराला हसू नये. त्याला आधी बोलू द्यावे, मग प्रमाण उर्दू शिकवावी.

रोमन लेखकांनी वर्नाबद्दल एक तक्रार लिहून ठेवली आहे. विकत घेतलेला गुलाम भिऊन असतो, घरात जन्मलेला मात्र तोंडाळ असतो. तो मालकाला उलट बोलतो. त्याला घरातली सगळी कुलुपे आणि सगळी गुपिते माहीत असतात. त्या श्रीमंतांना त्याची गंमत वाटे, ते त्याच्या बोलण्यावर जेवताना हसत. आमच्या भाषांचेही आजवर तेच झाले. मुशायऱ्यात वाहवा, संमेलनात टाळ्या, आणि सकाळी पुन्हा खालची पायरी. आपण बोलतो खूप, पण मालकाच्या करमणुकीपुरते. आता कामापुरते बोलू. मराठी आणि उर्दू, दोघींनी मिळून, पाठ्यपुस्तकाच्या पानावर, प्रवेशाच्या अर्जावर आणि फलकावर एवढेच लिहून मागू : आमचे नाव घ्या.